पहिले पाचशे

उद्यमबागेत, बोअरिंग मशिनच्या मागं
ईरण्णा बडिगेर रिंग उजेडाकडं धरतो.
तोंड मिटलेलं नाही तिचं. मिटायचंच नसतं.
फिलर गेजचं पातळ पातं तो त्या फटीतून ओढतो,
दाराखालून चिठ्ठी काढावी तसं.
"एवढी जागा पायजे. तापल्यावर ही वाढणार.
जागा नसली की मोडणार."

चूक माझीच होती.
गेल्या श्रावणात पोरांसमोर मिजाशीत
जीप नाल्यात घातली,
बंपर बुडाला तरी पाय उचलला नाही.
इंजिननं एकदाच पाणी गिळलं,
आत कुणी हाड मोडावं तसा आवाज आला.
पोरं हसली नाहीत. तेच जास्त लागलं.
वाकलेला कनेक्टिंग रॉड अजून घरात आहे,
सावित्रा त्यानं वाळवणाचा कागद दाबते.

आता नवे स्लीव्ह, नवे पिस्टन,
आणि भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा,
एकमेकींना कापत गेलेल्या.
"ह्यांच्यात तेल थांबतंय. घासून घासून
रिंग आणि भिंत वळख करून घेतील.
तवर चाळीसच्या वर नाही, चढाला टॉप गेर नाही,
एका चालीनं पण नाही. जरा वर, जरा खाली.
ट्रेलर तर बघायचाच नाही."
मग हात पुसत, माझ्याकडं न बघता,
"अवसर माडब्याड."

त्याच्या बोलीत अवसर म्हणजे घाई.
माझ्या बोलीत अवसर म्हणजे संधी.
मी मान हलवली, दोन्ही ऐकून.

पिरनवाडी, किणये, जांबोटी. परत. पुन्हा जांबोटी.
मागच्या काचेवर चुन्यानं लिहिलं:
नवीन इंजिन, पुढे जा.
लोक गेले.
रताळ्यांचा ट्रॅक्टर गेला,
गोव्याकडं निघालेली भाजीची गाडी शिव्या दिल्यासारखा हॉर्न देत गेली,
किटल्या लटकवलेला लुमाण्णा मोपेडवरनं गेला,
वळून म्हणाला, "काय पावणं, जीप हाय की वरात?"
वीस वर्षं ह्या रस्त्यानं जातोय मी,
आणि एकशे पंचावन्नाव्या किलोमीटरला कळलं
की कुसमळीच्या पुलाअलीकडं एक विहीर आहे,
तिच्या काठावर कुणीतरी तांब्या पालथा घालून ठेवतं.

गाडी कानानंही चालवायची असते.
दोनशेला टॅपेटची टिकटिक.
दोनशे ऐंशीला चढावर तिसऱ्यात थोडी ओढ दिली,
माथ्यावर पाय सोडला,
उतारभर इंजिननं स्वतःलाच आवरलं,
आणि निळसर धूर
आरशात पातळ होत होत गेला.

साडेतीनशेला कणकुंबीपलीकडं,
कच्च्या वाटेच्या तोंडाशी आलो.
तोच नाला. पाणी घोट्याएवढं,
तळाचे गोटे मोजावेत असं.
इंजिन चालू ठेवलं.
उतरलो नाही. घातलीही नाही.
ती तिथं धडधडत उभी राहिली,
मीही.
मग वळवली.

पाचशे. ईरण्णानं खालचा नट सैल केला,
काळं तेल घमेल्यात उतरलं.
बोट बुडवून त्यानं उन्हात धरलं.
बारीक चमक होती,
खवल्यांची भुकटी करावी तशी.
"रिंगची का भिंतीची?" मी विचारलं.
"ते आता कोण सांगणार,"
म्हणाला, आणि बोट पँटला पुसलं.

हेडचे बोल्ट पुन्हा आवळले. नवं तेल.
नाल्याचं मी काही बोललो नाही.
शटर ओढता ओढता तो म्हणाला, "सावकाश."
हा शब्द त्याचा का माझा,
ह्याचा विचार करत मेन रोडपर्यंत गेलो,
दुसऱ्या गेरमध्ये.
मागनं कुणीतरी हॉर्न वाजवला.
हात बाहेर काढून
त्याला वाट दिली.